वेल्टाबाईचा मुराळी

शेपूचा वास आवडणारा माणूस आमच्या खुर्सीपारात शोधूनही सापडला नसता. आमच्या घरी शेपू शिजायला लागला की नवरा बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. त्यामुळे पावर हाउसच्या बाजारात एक गोरी, उंच बाई माझ्या पिशवीतली शेपूची जुडी हुंगत माझ्या मागे यायला लागली, तेव्हा मला वाटलं, हिचं डोकं फिरलेलं आहे. मी थांबले की ती थांबायची. शेवटी मी वळून म्हटलं, "काय पाहिजे वो बाई?" तिनं जुडीकडे बोट दाखवलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. मी जुडी तिच्या हातात कोंबली. "घे बाई. माह्या घरी कोनी खात नाई."

पुढच्या बाजाराला ती त्याच जागी माझी वाट पाहत उभी होती. अशी वेल्टाबाई माझ्या घरी आली.

भिलाईचा पोलाद कारखाना रशियन लोकांच्या मदतीनं उभा राहत होता, आणि त्याची पहिली भट्टी पेटून वर्ष झालं होतं. तिचा नवरा पावेलसाहेब क्रेनच्या खात्यात मोठा इंजिनियर, आणि माझा नवरा त्याच्या हाताखाली क्रेन चालवणारा. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण गोष्ट सांगायची तर घ्यावंच लागेल: केवलराम. आम्ही साकोलीकडचे, भंडारा जिल्ह्यातले. साहेबांच्या बंगल्यातली बाई कामगारांच्या क्वार्टरात येऊन बसते याची आधी खूप कुजबुज झाली, मग लोक कंटाळले. ती माझ्या ओट्यावर बसून शेपू निवडायची आणि निवडता निवडता माझी बोली उचलायची. वर्षभरात ती माझ्यासारखीच बोलायला लागली, फक्त पुरुषासारखी. "मी आलो," म्हणायची. मी दुरुस्त करायचा नाद सोडून दिला.

आम्ही सगळे तिला रशियन समजत होतो. एकदा मी तसं म्हटलं तर तिनं ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "मी रशियन नाई. पावेल रशियन. माहं गाव रीगा."

त्या दिवसापासून ती रीग्याबद्दल बोलायला लागली, आणि मी ऐकायला लागले. रीगा म्हणजे मोठ्या नदीकाठचं शहर. मधोमध जुना भाग, दगडी गल्ल्यांचा. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या खिडकीतल्या बाईला हात लांब करून मीठ देता येतं. एका घराच्या छपरावर लोखंडी काळं मांजर पाठ वाकवून उभं. एक जुनी कमान, तिच्या डोक्यावरच घर, आणि त्या घरात माणसं राहतात. खालून गाडी गेली की वर भांडी वाजतात. मोठ्या चौकात नक्षीच्या भिंतीचं उंच घर, त्याच्यावर घड्याळ, आणि त्या घड्याळात वेळेबरोबर महिना आणि चंद्रही कळतो. सगळ्यांच्या वर देवळाचा लाकडी मनोरा. मनोऱ्याच्या टोकावर सोनेरी कोंबडा, वाऱ्याबरोबर तोंड फिरवणारा. पोर चुकलं की त्यानं वर पाहायचं आणि कोंबड्याच्या रोखानं चालायचं. वेल्टाबाईचं घर त्याच देवळाच्या मागच्या गल्लीत होतं. खाली बापाचं छत्र्या दुरुस्त करायचं दुकान, वर हे लोक.

आणि तिथल्या ऋतूंच्या गोष्टी! आपल्या पौषात ती नदी गोठते. लोक पुलावर चढायचे कष्टच घेत नाहीत, नदीवरूनच पलीकडे जातात.

"पायानं?" मी विचारलं.

"मग कायनं? म्हातारे भोक पाडून मासे धरतेत. खुर्ची घेऊन बसतेत नदीवर."

मला वाटलं, ही माझी थट्टा करते. पण तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्याच दिवसांत चौकात हिरव्या टोकदार झाडांचा बाजार भरतो, पोरं बापाचा हात ओढत झाड निवडतात, घरोघरी त्याच्यावर मेणबत्त्या लागतात. चैत्रात नदीवरचा बर्फ फुटतो. त्याचा आवाज गल्लीत घुमतो आणि लोक काम टाकून काठावर पाहायला पळतात. मग कसलीशी झाडं फुलतात, ज्यांच्या वासानं सगळं शहर खुळावतं. आश्विनात बागेतल्या कालव्याकाठी गोल, तपकिरी बिया टपटप पडतात आणि पोरांचे खिसे फाटेपर्यंत भरतात. पण सगळ्यांत मोठा सण ज्येष्ठातला. त्या रात्री अंधार पडतच नाही. आदल्या दिवशी चौकात गवताचा बाजार भरतो.

"गवताचा?" मी कपाळावर हात मारला. "पैसे देऊन गवत घेतेत? आमच्याकडे बैलबी फुकट खाते."

ती इतकी हसली की मांडीवरचा शेपू सांडला. गवत, रानफुलं, ओक नावाच्या झाडाच्या पानांचे मुकुट. ते दारांवर बांधतात, पुरुष डोक्यावर घालून मिरवतात, आणि सगळे सकाळपर्यंत गात बसतात. सांगता सांगता तिनं ते गाणं म्हणून दाखवलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच एक लांबवलेलं पद येत होतं, आणि दोन ओळींनंतर मीही त्या पदाला आवाज दिला. शेजारची अंजनाबाई दारात येऊन म्हणाली, "काय भुलाबाईचं गानं चालू हाय काय?" अंजनाबाईला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय आहे, पण मनानं बाई सोन्यासारखी.

वेल्टाबाई सोळा वर्षांची असताना, त्या सणाच्या थोडं आधी, एका पहाटे तिला आणि तिच्या घरच्यांना गाडीत घालून लांब बर्फाच्या मुलखात नेलं. कोणी नेलं, कशासाठी नेलं, हे ती सांगत नसे आणि मीही विचारलं नाही. आईबाप तिकडेच वारले. पुढे पावेलसाहेब भेटला, लग्न झालं. लढाईत जुन्या रीग्यात आग लागली होती, ही बातमी तिच्या कानावर फार उशिरा आली. कोणी म्हणे सगळं जळलं, कोणी म्हणे थोडं. तिनं कोणाचंच मानलं नाही. पुढे रीग्याला परत जायची परवानगी मिळाली, तरी ती गेली नाही.

"कावून नाई गेली?" मी विचारलं.

"भेव लागते," ती म्हणाली. "नाई पाहिलं तर उभं हाय."

आता मनातलं सांगते, हसू नका. मला रीग्याला जायचं होतं. साकोली, दुर्ग आणि भिलाई सोडून मी जग पाहिलं नव्हतं, पाहायची हौसही नव्हती. माझं लग्न चौदाव्या वर्षी झालं, बाप गेला तशी माहेरची वाट बंद झाली, आणि या लाल धुळीच्या, रात्रंदिवस धडधडणाऱ्या गावात मी भाकऱ्या थापत होते. मला कोणी कधी कुठलं गाव असं उकलून दाखवलं नव्हतं. तव्यावर भाकर टाकली की मी त्या कमानीखालून जायचे, मांजराच्या घरापाशी वळायचे, गोठलेल्या नदीवर हळूच पाय टाकून पाहायचे. कधी कधी भाकर जळायची. आपलं म्हणावं असं गाव नुसत्या ऐकण्यानं होतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

मग केवलरामचा नंबर ट्रेनिंगला लागला. रशियात सहा महिने, आणि शेवटी ट्रेनिंगला गेलेल्यांना तिकडची दोन-तीन शहरं दाखवायची होती. पावेलसाहेबानं सांगितलं, त्यात रीगा आहे, आणि नेमकं त्या सणाच्या दिवसांत.

वेल्टाबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. मी नुकतंच अंगण सारवलं होतं. तिनं माझा रांगोळीचा डबा उचलला आणि ओल्या अंगणात सगळं जुनं रीगा काढलं: नदी, पूल, चौक, कमान, देऊळ, मागची गल्ली. मग केवलरामला चपला काढायला लावून त्या रेघांमधून चालवलं. "पुलावरून उतरला. आता वर पाह. कोंबडा दिसला? त्याच्याकडे चाल." केवलराम भल्या मोठ्या क्रेनचा ड्रायव्हर, पण परीक्षेला बसल्यासारखा अंगणात पावलं टाकत होता. दोनदा तो नदीत पडला. तिसऱ्यांदा थेट छत्रीच्या दुकानापाशी पोचला.

"तू माह्या डोयानं पाहजो," ती त्याला म्हणाली. "लोक सांगतेत ते नोको. तू पाहिलं तर मी मानन."

"तुमच्या माहेरी चाललो म्हनजे मी तुमचा भाऊच झालो, बाई," केवलराम म्हणाला. "भाऊ खोटं कायले सांगन?"

तो गेला तेव्हा थंडी होती, आला तेव्हा खरिपाची रोपं गुडघ्याएवढी झाली होती. आल्याच्या दुसऱ्याच सकाळी वेल्टाबाई दारात हजर. बसली नाही, पाणी घेतलं नाही, नुसती त्याच्याकडे पाहत राहिली.

केवलरामनं ट्रंक उघडली आणि सुकलेल्या गवताची एक जुडी काढून तिच्या ओंजळीत ठेवली. लांब पात्यांचं गवत, मधे वाळलेली पिवळी फुलं. माहेरी जाऊन आलेला माणूस रिकाम्या हातानं येत नाही. तिनं जुडी नाकाशी धरली आणि मटकन ओट्यावर बसली.

"बाजार भरते अजून?" तिनं विचारलं.

"एक म्हातारी बसली होती गवत घेऊन. तिच्यापासून घेतलं."

"आन् चौक? देऊळ?"

"सगळं मजेत हाय, बाई." केवलराम घसा खाकरून म्हणाला. "देवळाची जरा मरम्मत चालू हाय. बांबू बांधले हायेत."

"कोंबडा?"

"कोंबडा उतरवून ठेवला हाय. पॉलिश करायले."

"दुकान?"

"बंद होतं. इतवार होता ना."

वेल्टाबाई उठली, तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळाचा मुका घेतला. अंजनाबाई समोरून पाहत होती. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आणि वेल्टाबाई निघाली ती गल्लीतून जवळजवळ पळतच.

मला हेवा वाटला, खरं सांगते. यानं पाहिलं आणि मी नाही. त्या दुपारी मी त्याला जेवायला वाढलं आणि सोडलंच नाही. कमानीखालून गेलात का? वरच्या घरात दिवा होता का? मांजराची शेपटी कोणीकडे? तो घासावर घास गिळत होता. मांजर आहे म्हणाला, कमान आहे म्हणाला. चौकातल्या घड्याळात कोणता महिना होता, असं विचारलं तेव्हा त्यानं ताट सरकवलं.

"काईच नाई तिथं," तो म्हणाला. "चौक नाई, घड्याळ नाई, गल्ली नाई. मोकळं मैदान हाय, मथुरा. गवत उगवलं हाय."

पुलावरून उतरून त्यानं वर पाहिलं होतं. देऊळ होतं, पण मनोरा अर्धाच, वर काही नाही. त्याला वाटलं आपण चुकीच्या बाजूला उतरलो. भाषेचे तर चारच शब्द येत होते, तेही रशियन. मग त्यानं काय केलं असेल? भर रस्त्यात उभं राहून हात पंखांसारखे हलवले आणि कुकूचकू केलं. लोक हसून पुढे गेले. पुन्हा केलं. एक म्हातारा थांबला. त्यानं आधी वर बोट दाखवलं, मग दोन्ही हात वर नेऊन बोटं ज्वाळांसारखी हलवली, आणि मग हात सावकाश खाली आणले. शेवटी डोक्यावरची टोपी काढून तो उभा राहिला. केवलरामनं मागच्या गल्लीच्या जागेकडे बोट केलं. म्हाताऱ्यानं नाही अशी मान हलवली. त्याच मैदानाच्या कडेला ती गवतवाली बसली होती.

मी कपाळ धरलं. "मंग खोटं कावून सांगितलं?"

"आपल्यात असंच सांगतेत ना," तो म्हणाला. "दारात उभं राहून सांगू काय, तुहं माहेर जळलं म्हनून?"

यात त्याचं चुकलं असं कोणी म्हणू शकलं नसतं. आमच्याकडे सासरी असलेल्या मुलीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. भाऊ असतो, काका असतो. माहेरी कोणाचं काही झालं असलं तरी मुराळी ते सासरच्या दारात सांगत नाही. 'बाप जरा आजारी हाय, भेटाले बोलावलं,' एवढंच. मलाही माझ्या भावानं असंच नेलं होतं. सगळी वाट मी विचारत होते, ताप उतरला काय, जेवतो काय, आणि तो बैलांच्या शेपट्या पिळत होता. गावच्या शिवेवर त्यानं गाडी थांबवली आणि खरं सांगितलं. मी तिथंच लोळण घेतली. पण भाऊ जवळ होता, गावातल्या बायका समोरून येत होत्या. म्हणून मी जगले.

"हळूहळू सांगू," केवलराम म्हणाला. मीही गप्प बसले. पण हळूहळू सांगायला वेल्टाबाईनं सवडच दिली नाही. तिचं चालणं बदललं, आवाज बदलला. बाजारात भाव करताना गाणं गुणगुणायला लागली. मला रागच यायचा, त्याचा की तिचा ते कळायचं नाही. पोळा झाला, आणि नंतरच्या एका सकाळी ती आली ती सरळ चुलीपाशी.

पावेलसाहेबाची मुदत संपत होती. कारखाना त्याला आणखी दोन वर्षं ठेवून घेत होता आणि इतके दिवस तीच राहायचं म्हणत होती, कारण जायला तिला जागा कुठं होती? आता तिनं नाही म्हटलं होतं. पावेलनं जुन्या गावची जागा सोडून रीग्यात नोकरी मागितली होती. उद्या तो सही करणार होता.

"मी दुकान पाहीन," ती म्हणाली. "कोनी दुसरा असन तिथं. मी म्हनन, वर एक खोली द्या. खिडकीतून कोंबडा दिसते." मग माझे हात धरून म्हणाली, "तू माह्या घरी येजो. नदीवर चालू."

मी तिला चहा दिला की नाही ते आठवत नाही. ती गेल्यावर मी केवलरामची वाट पाहत दारात उभी राहिले. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही: खरं सांगितलं तर ती जाणार नाही, दोन वर्षं इथंच राहील, माझ्या ओट्यावर. हा लोभ मला होता. पण तो नसता तरी मी तेच केलं असतं.

केवलराम पाळी संपवून आला. त्याला पायावर पाणीही घेऊ दिलं नाही. सगळं सांगितलं. तो खाली बघून म्हणाला, "तिकडे गेल्यावर कळनच तिले."

"कळन! आन् तवा तिच्यासंग कोन असन?" मी ओरडले. "मुराळी शिवेपर्यंत संग जाते. खरं सांगते, पोरगी पडली तर उचलते. तुमी जानार हाय काय तिच्यासंग रीग्यापर्यंत? नाई ना? तुमी तर तिले एकटीच गाडीत बसवून देऊन राहिले. ती पुलावरून उतरन, वर पाहीन, आन् तिले धरायले तिथं कोनी नसन!"

मग त्यानं खुंटीवरची टोपी काढली. "चाल," तो म्हणाला. "शीव इथंच करू."

पण आम्हाला जावं लागलं नाही. वेल्टाबाई विसरलेली पिशवी घ्यायला परत आली होती, आणि केवलरामला टोपी घालून उभा पाहून तिचं हसू तिथंच थांबलं. मी तिला ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं. केवलराम तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि एकही शब्द न गाळता सगळं बोलला. कुकूचकू केलेलंही सांगितलं. म्हाताऱ्यानं केलं तसे हात वर नेले, बोटं हलवली, आणि हात सावकाश खाली आणले.

वेल्टाबाई रडली नाही. हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती.

"गल्ली?" तिनं विचारलं.

"नाई."

"घड्याळाचं घर?"

"तेबी नाई, बाई. पन कमान हाय. मांजरीचं घर हाय. बाग हाय, कालवा हाय. म्या पाहिलं."

"आता खोटं बोलून राहिला," ती शांतपणे म्हणाली.

"नाई, बाई. कसम माह्या मायची. कमान उभी हाय."

"आधीबी म्हनला होता, सगळं मजेत."

केवलराम रडायला लागला. तो माणूस माझ्यासमोर कधी रडला नव्हता. एका खोट्यानं उरलेलं खरंही जाळून टाकलं होतं, आणि ते त्याला माझ्याआधी समजलं. तो पुन्हा पुन्हा कमानीबद्दल सांगत होता, वरच्या खिडकीत कुंडी होती, लाल फुलं होती, आणि ती त्याच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

ते पाहणं मला सहन झालं नाही. आमच्याकडे असं कोणी दगड होऊन बसलं तर त्याला तसं बसू देत नाहीत. मी तिच्या गळ्यात पडले आणि हेल काढला, बाप गेला तेव्हा काढला होता तसा. "माय वो, गल्ली कोठी शोधू वो... कोंबडा कोनाले वाट दाखवन वो... गवताचा बाजार कोन्या चौकात भरन वो माय..." एकेक जागेचं नाव घेऊन मी रडत होते. आणि रडता रडता मला कळलं की मी काही तिच्यासाठी रीत म्हणून रडत नव्हते. त्या चौकात मी एकदाही उभी राहिले नव्हते, आणि आता कधीच राहणार नव्हते. माझ्या खांद्यावर वेल्टाबाईचं अंग आधी थरथरलं, मग तिच्या तोंडून असा आवाज निघाला की गल्लीतली कुत्री उठली.

रांगेतल्या बायका धावत आल्या. अंजनाबाई सगळ्यांच्या पुढे. "कोन गेलं वो?"

"इचं माहेर गेलं," मी म्हटलं. "सगळंच्या सगळं."

प्रत्येक गोष्ट खोदून विचारणारी अंजनाबाई, तिनं त्या दिवशी दुसरा प्रश्न विचारला नाही. ती वेल्टाबाईच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. बाकीच्या बायका भोवती बसल्या. रीगा कुठं आहे हे त्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. मी नावं घेत होते आणि त्या हेल देत होत्या: नदी, पूल, छत्रीचं दुकान.

पावेलसाहेब जीप घेऊन शोधत आला तेव्हा दारात एवढ्या बायका रडताना पाहून पांढरा पडला. वेल्टाबाई उठून त्याच्यापाशी गेली आणि त्यांच्या भाषेत काही बोलली. त्यानं हॅट काढली. एवढा मोठा साहेब, पण तो बाहेर केवलरामच्या शेजारी जमिनीवर येऊन बसला, पुरुष बसतात तसा. बऱ्याच वेळानं त्यानं तिला काहीतरी विचारलं आणि तिनं उत्तर दिलं. साहेबानं ते मोडक्या हिंदीत केवलरामला सांगितलं, आणि त्यानं मला हळूच सांगितलं, "जाऊच म्हनते. राहायले नाई. एक डाव त्या मैदानात उभी राहीन, मंग साहेबाच्या जुन्या गावाले."

म्हणजे खरं सांगूनही ती जाणारच होती. मी मान हलवली. शिवेपर्यंत आलेली पोर आत गेल्याशिवाय कशी राहील?

तोवर अंजनाबाई घरी जाऊन आली होती. ज्या घरचं माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही, शेजारी कडू घास आणतात. तिनं झुणका आणि भाकर वेल्टाबाईसमोर ठेवली. "खा, बाई. खावाच लागते."

वेल्टाबाईनं घास तोडला, तोंडात घातला आणि डोळे पुसत गिळला. मग तिनं दुसरा घास तोडला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"अवो, तिले नाई," अंजनाबाईनं तिचा हात धरला. "हा घास ज्याचं गेलं त्यानंच खावा लागते."

"इचंबी गेलं," वेल्टाबाई म्हणाली.

अंजनाबाईनं हात सोडला, आणि मी तोंड उघडलं.